नवीन घरात स्मार्ट होमसाठी वायरिंग आधीच करून घ्यावं, की सगळं वायरलेस चालेल?

तुम्ही लिहिलंय की कराडजवळ तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधताय, पहिला स्लॅब महिन्याभरात पडेल, आणि वायरमन म्हणतोय, "आता सगळं वाय-फायवर चालतं, जास्तीचं काही टाकू नका." त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. मोबाइलवरून येणारी आज्ञा हवेतून येते, पण स्विचला स्वतःला लागणारी वीज भिंतीतूनच येते.

मी सांगली-कोल्हापूर भागात घरांच्या वायरिंगची आखणी करून देतो. माझं मत सरळ आहे. आत्ता एकही स्मार्ट वस्तू विकत घेऊ नका. तो पैसा पाइप, न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि नेटवर्कच्या केबलवर घाला. आज दुकानात दिसणारा स्विच पाच वर्षांनी मिळेलच असं नाही, पण स्लॅबमधला पाइप घर आहे तोवर राहणार.

सगळ्यात आधी न्यूट्रल. आपल्याकडे बोर्डात न्यूट्रल येतो तो सॉकेटसाठी. जिथे नुसते स्विच असतात, म्हणजे जिन्यातला टू-वे, बाल्कनी, बाथरूमच्या दाराबाहेरचा छोटा बोर्ड, तिथे वायरमन फेज (वीज आणणारी वायर) आणतो आणि दिव्याकडे जाणारी वायर काढतो. साध्या स्विचला एवढं पुरतं. स्मार्ट स्विचच्या पोटात मात्र एक छोटं यंत्र चोवीस तास जागं असतं, दिवा बंद असतानाही. त्याला न्यूट्रल लागतो. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात, पण ते आपली वीज दिव्यातूनच थोडी थोडी ओढतात. जुन्या शंभर वॅटच्या बल्बला ते कळायचं नाही. आजचा ५-७ वॅटचा एलईडी मात्र बंद केल्यावरही मिणमिणतो किंवा फडफडतो. मग दिव्याजवळ कपॅसिटर लावत बसावं लागतं. म्हणून प्रत्येक बोर्डात, अगदी एका स्विचच्या बोर्डातसुद्धा, न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर दोन्ही हव्यात हे वायरमनशी पॉइंटचा दर ठरवतानाच बोलून घ्या. नंतर सांगितलं की 'जादा काम' होतं. भिंतीतले बॉक्सही मिळतील तेवढे खोल घ्या. साध्या स्विचला स्मार्ट करणारं, त्याच्या मागे बसणारं मॉड्यूल आणि वायरींचा गुंता उथळ बॉक्सात मावत नाही, आणि मग प्लेट कधीच सपाट बसत नाही.

न्यूट्रलचीच दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. एकाच बोर्डात दोन पॉइंट इन्व्हर्टरवर आणि बाकीचे थेट लाइनवर असतात, आणि बरेच वायरमन दोघांना मिळून एकच न्यूट्रल देतात. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला नसेल तर हे खपून जातं. पण तो तुम्ही बसवायलाच हवा, ३० मिलिअँपिअरचा. तो जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटची बरोबरी तपासत असतो. फेज एका वाटेने गेला आणि न्यूट्रल दुसऱ्या वाटेने परतला, की दिवा लावताक्षणी त्याचा खटका खाली पडून वीज तुटते. अशा वेळी लोक स्मार्ट स्विचला दोष देतात, नाहीतर आरसीसीबीच काढून टाकतात. इन्व्हर्टरचा न्यूट्रल डीबीपासूनच (घराच्या मुख्य वितरण बोर्डापासून) वेगळा ठेवा. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्याच पॉइंटवर घ्या.

आता स्लॅब. भिंतीला नंतर झिरी मारता येते, स्लॅबला नाही. पंखे-दिव्यांचे पाइप वायरमन टाकेलच. त्यात एवढं वाढवा: प्रत्येक मजल्याच्या छताला साधारण मध्यावर वाय-फायच्या अॅक्सेस पॉइंटसाठी (वाय-फाय पसरवणाऱ्या डब्यासाठी) एक जागा, आणि तिथून राउटरच्या जागेपर्यंत रिकामा पाइप. पाइप २५ मिलिमीटरचा घ्या, वळणं लांब ठेवा, आत ओढायची तार घालून ठेवा, आणि काँक्रीटचं पाणी आत जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडं बंद करा. या शेवटच्या कामात सगळे आळस करतात.

केबल कॅट-६, पण शुद्ध तांब्याची. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली स्वस्त केबल त्याच नावाने विकतात. खोक्यावर 'सीसीए' लिहिलेलं दिसलं तर घेऊ नका. कॅट-६ शंभर मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग देते आणि त्याच केबलमधून वीजही जाते. या सोयीला पीओई म्हणतात. तिचा साधा प्रकार १५.४ वॅटपर्यंत देतो, तो एका कॅमेऱ्याला भरपूर झाला. म्हणून टीव्हीची भिंत, घराचे बाहेरचे कोपरे आणि फाटकाची बेल इथे ही केबल न्याच. लाइटच्या पाइपात मात्र ती घालू नका. वेगळा पाइप, शेजारून जात असेल तर फूटभर अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

वायरलेसचं थोडक्यात. बहुतेक स्वस्त वाय-फाय स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. आरसीसीच्या भिंतींमधून ही लहर ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरी जाते, पण इंटरनेटबरोबर मिळालेल्या साध्या राउटरवर घरातले मोबाइल, टीव्ही आणि वर तीस-चाळीस स्विच टाकले की तो धापा टाकतो. स्विच जास्त असतील तर झिगबी किंवा थ्रेड या वाय-फायहून वेगळ्या वायरलेस पद्धती बघा. त्यात वीज मिळणारं प्रत्येक उपकरण शेजारच्याचा निरोप पुढे पोचवतं, त्यामुळे घर मोठं असलं तरी अडत नाही. 'मॅटर' हे २०२२ मध्ये आलेलं प्रमाण खोक्यावर असेल तर एका कंपनीच्या अॅपला बांधून घ्यावं लागत नाही. झेड-वेव्ह या तशाच आणखी एका पद्धतीबाबत एक सावधगिरी: अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून उपकरणं मागवू नका. तिकडची ९०८ मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतातली ८६५ वर. दोघांचं एकमेकांशी जमत नाही. केएनएक्स ही मुख्यतः वायरवर चालणारी पद्धत उत्तम आहे, पण तिचा खर्च जास्त आणि तिची माहिती असलेला माणूस कराडमध्ये सहज सापडणार नाही. तुमच्या घराला मी ती सुचवणार नाही.

गीझर आणि पंप स्मार्ट स्विचच्या मॉड्यूलवर थेट टाकू नका. ३ किलोवॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर ओढतो आणि बाजारातली बरीच मॉड्यूलं १० अँपिअरची असतात. पंप तर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. तिथे डीबीजवळ कॉन्टॅक्टर (छोट्या करंटने चालणारा, मोठा करंट झेलणारा स्विच) बसवा आणि स्मार्ट स्विचने फक्त कॉन्टॅक्टर चालवा. आपल्याकडे खरं तर स्मार्ट घराचा सगळ्यात उपयोगी भाग हाच. नळाला पाणी पहाटे येवो की रात्री, टाकी भरली की पंप आपोआप बंद झाला पाहिजे. त्यासाठी गच्चीवरच्या टाकीपासून पंपाच्या स्टार्टरपर्यंत एक पाइप आत्ताच टाका. जमिनीखालच्या टाकीतही सेन्सर घ्या, नाहीतर पंप कोरडा फिरेल. सोलर आज घेणार नसाल तरी गच्चीपासून मीटरपर्यंत आणखी एक रिकामा पाइप राहू द्या.

पंख्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घेणार असाल (साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० च्या) तर त्याला स्मार्ट रेग्युलेटर लावू नका. त्याचा वेग त्याच्या आतच ठरतो. त्याला साधा स्विच पुरे.

आणि भिंतीवरचे स्विच काढून नुसते काचेचे पॅनल लावायचा मोह होईल. घरात आई-वडील असतील तर निदान त्यांच्या खोलीत आणि बाथरूमला दाबायचा स्विच ठेवा. नेट गेलं, राउटर बंद पडला, मोबाइल चार्जिंगला लावला, तरी दिवा हाताने लागलाच पाहिजे. दुकानदाराला हे नुसतं विचारू नका, त्याच्यासमोर राउटर बंद करून तपासा.

झिऱ्या भरण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी कोपऱ्याला धरून. स्लॅबचे फोटो सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी. सेंट्रिंगवाला आणि वायरमन दोघांनाही त्या दिवशी बोलवा, कारण पाइप सरकला तर तो मी सरकवला नाही असं दोघंही म्हणतात.