पावसाळ्यातल्या तिसऱ्या फिक्या का लागतात?

प्रश्न : भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आमच्याकडे नेहमी होतात. पण मोठा पाऊस झाला की त्या अगदी पचपचीत लागतात. आई म्हणते, पाणी गोडं झालं की तिसरीची चव जाते. हे खरं का? आणि अशा पाण्यात त्या जगतात तरी कशा?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आईचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मासा आपल्या रक्तातले क्षार ठरावीक पातळीवर राखतो. तिसरीला ते जमत नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारं, जवळपास तेवढंच तिचं रक्त. खाडीत गोडं पाणी भरलं की तिच्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुगू लागतात. मग आत विरघळलेल्या पदार्थांचा भार हलका करायला पेशी ग्लायसीन, अलानीन, टॉरीन ही अमिनो आम्लं कमी करतात. यातली पहिली दोन चवीला गोड. तिसऱ्यांच्या कालवणाला जी गोडी असते, तिच्यात त्यांचा मोठा वाटा. जीव वाचवायला तिसरीने नेमकी तीच सोडलेली असतात! खाडी पुन्हा खारी झाली की ती परत साठतात, चवही येते.

पण या फेरफाराला वेळ लागतो. खाडीला मिळणाऱ्या काजळी नदीला अचानक लोंढा आला तर पहिला उपाय एकच, शिंपली घट्ट मिटून घेणं. आत प्राणवायू संपत जातो, हृदय मंदावतं. साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे शरीरातल्या साखरेच्या साठ्यावर, ती प्राणवायूशिवाय तग धरते. त्यात सक्सिनिक आम्ल साचतं, आणि त्याची आम्लता मारायला शिंपलीतलाच चुना थोडा थोडा विरघळतो. मला या जिवाचं खरं कौतुक वाटतं ते इथे. बराच काळ मिटून राहिलेल्या शिंपलीची आतली बाजू पाहा, चकाकी जाऊन खडूसारखी झालेली दिसते.

याला मर्यादा आहेच. पाणी जितकं कोमट, तितका साठा लवकर संपतो. पूर लांबला तर तिसऱ्या मरतात. शिंपली मिटून ठेवायला स्नायूला सतत जोर लावावा लागतो, उघडायला मात्र बिजागरीचा ताण पुरतो. म्हणून मेलेली तिसरी आपोआप तोंड वासते. बाजारातून आणल्यावर अशा तिसरीला टिचकी मारा. मिटली नाही तर टाकून द्या, आणि पावसाळ्यात तर हे एकेक तिसरी हातात घेऊन करा.