दोन मुलांची खासगी शाळेची फी झेपत नाही, खर्च कमी कसा करावा?

प्रवेश पक्का करून पैसे भरण्याआधी शाळेकडे फी सवलतीचा लेखी अर्ज करा, सगळ्यात मोठी बचत तिथेच होते. मी शाळेच्या हिशेब विभागात काम करते. काही खासगी शाळा आर्थिक मदतीसाठी अंदाजपत्रकात रक्कम बाजूला ठेवतात, फक्त त्याचा गाजावाजा करत नाहीत. ती वर्ग भरायच्या आधीच वाटून संपते. उशिरा येणाऱ्याला नुसती सहानुभूती मिळते.

उत्पन्नाचा दाखला, कर्जाचे हप्ते, घरातलं आजारपण, जे असेल ते कागदांसकट जोडा आणि तुम्ही किती भरू शकता तो आकडाही लिहा. नुसतं ‘परवडत नाही’ म्हटलं की अर्ज तपासणाऱ्या शाळेच्या समितीला ठरवायला काही उरत नाही. भावंडांची सवलत वेगळी मागा. मग फीपत्रक ओळीओळीने वाचा: बस, सहल, छंदवर्ग यांतलं काय ऐच्छिक आहे ते विचारा. गणवेश आणि पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलांकडून घेता येतात. मासिक हप्त्यांनी मात्र एकूण रक्कम कमी होत नाही, कधी वर शुल्कच लागतं.

एक लक्षात ठेवा, सवलत बहुधा एकाच वर्षापुरती असते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो.