ताई, चाकू लावायचा का?

आण्णांची कावीळ दोन महिने गावठी औषधावर होती. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगभर खाज, पोटात मात्र दुखणं नाही. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली, तिनंच पित्तनलिका दाबली होती. गाठ काढण्याजोगी होती. निदानाच्या वेळी असं शंभरात जेमतेम पंधरा-वीस जणांच्या बाबतीत म्हणता येतं. घरच्यांना मात्र त्यात भाग्य वगैरे काही दिसत नव्हतं.

"ताई, भावकीत सगळे म्हणत्यात, चाकू लागला की कॅन्सर भडकतो," आण्णांचा मुलगा म्हणाला.

हे वाक्य मी सतत ऐकते. होतं असं, की कधी कधी पोट उघडल्यावर आजार आधीच पसरलेला दिसतो, काही न काढता टाके घालतात, पुढे काही महिन्यांत माणूस जातो आणि दोष चाकूवर येतो. मुलाला हे पटलं, पण चेहरा सैल झाला नाही. थोड्या वेळानं खरं कारण कळलं. शेजारच्या गावातला एकजण याच ऑपरेशननंतर आठव्या दिवशी गेला होता.

ती भीती मी खोडून काढली नाही. या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. त्यात स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याची सुरुवात, पित्ताशय काढून पुन्हा तीन जोड घालतात. मऊ स्वादुपिंडाचा जोड गळू शकतो. पन्नासेक वर्षांपूर्वी पाचांतला एक तरी रुग्ण दगावायचा, आज अनुभवी केंद्रांत शंभरात पाचांहून कमी. पण हे सगळीकडे सारखं नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेतल्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली छापून आला: जिथे वर्षाला सरासरी एकाहूनही कमी ऑपरेशनं होतात तिथे मृत्यू १६.३ टक्के, जिथे सोळाहून जास्त होतात तिथे ३.८. गंमत म्हणजे जोड मोठ्या केंद्रातही गळतात. पण तिथे ते रात्री दोनलाही कुणाच्या तरी लक्षात येतं आणि साठलेला द्रव काढायला स्कॅन बघत सुईनं नळी घालणारा डॉक्टर हाताशी असतो.

"मग आमचे डॉक्टर नकोत?"

"त्यांनाच विचारा, वर्षाला अशी किती करता?"

त्यानं औषधाच्या बिलामागे प्रश्न लिहून नेला. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन. तुम्ही मुंबईला जा." असं तोंडावर सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर आहे.

आकडे पटले, तरी राहायचं कुठं हा प्रश्न होताच. खरं तर आमचा निम्मा वेळ त्यातच गेला: जनआरोग्य योजनेचे कागद, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. ऑपरेशननं सुटका होत नाही, पुढे केमो आहे आणि तरीही आजार परतू शकतो, हेही त्याच बैठकीत सांगितलं. आण्णा गप्प बसून ऐकत होते.

सहाव्या दिवशी जोड गळलाच. नळी घातली, मुक्काम तीन आठवड्यांवर गेला, आण्णा घरी आले. आता केमो चालू आहे, जेवताना पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल घेतात.

परवा मुलाचा फोन आला. "ताई, चहाबरोबर खारी खाल्ली तर कॅप्सूल घ्यायची का?"

डॉक्टरांना विचारून सांगितलं, खारी असेल तर घ्यायची.