ग्रामपंचायतीला गाव तुटून पडतं, मग लोकसभेला का नाही? आणि गाव नेमकं कुठल्या पक्षाचं?

निफाड तालुक्यातला आहे म्हणून सांगतो. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं, पॅनल असतं, आणि पॅनल म्हणजे भाऊबंदकी. वॉर्डात चार-पाच मतांनी माणूस पडतो, त्यामुळे नाशिकला सातपूर-अंबडच्या कंपनीत असलेल्या पोरांना आणायला गाडी जाते, आमच्या आजीला तर खुर्चीसकट उचलून नेलेलं, ती म्हणे एरवी दवाखान्यात न्यायला कोणी येत नाही!

लोकसभेचं वेगळं. २०२४ ला मतदान २० मे ला, ऊन मरणाचं, त्यात लग्नसराई आणि कांदा चाळीत भरायची घाई. पण जे गेले ते कांदा निर्यातबंदीचा राग मनात ठेवूनच गेले, म्हणून आमच्या दिंडोरी मतदारसंघात तेव्हा केंद्रात मंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार पडल्या अन् शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे आले. आणि सहा महिन्यात विधानसभेला तीच लोकं फिरली, नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीला. लाडकी बहीण म्हणा, उमेदवार म्हणा, काहीही म्हणा.

त्यामुळे गाव अमक्या पक्षाचं असं कोणी सांगितलं तर मी तरी हसतो. पारावर सकाळी एक बोलतात, बटण दुसरंच दाबतात.