लिफ्ट किट नंतर, आधी रबरी पाइप

प्रश्न: सर नमस्कार. अठरा वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही घेतलीये, फोर बाय फोर, लो रेंजवाली, दोन लाख किलोमीटर झालेत. मला ती दगडधोंड्याच्या वाटांवर न्यायचीय. तीन इंच लिफ्ट (गाडी उंच करायचं किट), मोठे मड टायर, विंच (दोरीने रुतलेली गाडी ओढणारं यंत्र), रूफ रॅक असं डोक्यात आहे. मित्र म्हणतो सगळं एकदम उरकून टाक. सुरुवात कुठून करू?

तुमची यादी वाचून हसू आलं, कारण माझी पहिली यादीपण अगदी हीच होती, वर चार लाइटा जास्त. सगळं लावून थाटात निघालो आणि तिसऱ्या की चौथ्या चढावर बॉनेटखालून पांढरी वाफ. हीटरला जाणारा रबरी पाइप क्लिपच्या बरोबर पुढे फाटला होता, बोटाने दाबला तर बिस्किटासारखा कडक, चिरा पडलेला. इंजिन थंड व्हायची वाट बघत बसलो, मग फाटलेलं टोक बोटभर कापून पाइप परत चढवला, क्लिप आवळली, प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि हळूहळू परत. लिफ्ट, टायर, लाइटा सगळं जागेवर होतं, गाडी बसली ती पाइपामुळे.

म्हणून यादी खिशात ठेवा आणि गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपायचं नाही. पहिलं चासी. वरून काळा रंग मारलेला असतो त्यावर जाऊ नका, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला बद्द वाजतो, तिथे टोक दाबून बघा. मागचे पाटे किंवा स्प्रिंग जिथे बसतात तिथे आणि चासीच्या पोटात चिखल साठून राहतो, गंज बहुतेकवेळा आतून सुरू होतो. टोक आरपार गेलं तर पुढचा सगळा खर्च थांबवा आणि गाडी ठेवायची की नाही हाच विचार आधी करा.

मग पुढचं चाक वर असताना वर-खाली धरून हलवा, प्ले लागला तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून हललं तर स्टिअरिंगचे टाय रॉड. चढउतारावर हे सगळं रस्त्याच्या कितीतरी पट मार खातं. सगळे ऑइल बदला, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), दोन्ही डिफ (डिफरन्शियल, अ‍ॅक्सलवरचा गोळा, ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा), आणि काढलेलं ऑइल नीट बघा, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल मऊ पडतं, ते दोन वर्षांनी बदलायचंच, जुन्या गाडीत शेवटचं कधी बदललं ते कुणालाच माहीत नसतं.

कूलिंगवर मात्र हात आखडू नका. ट्रेलवर गाडी ताशी ५ च्या स्पीडने चढतीये, इंजिन जोरात, समोरून हवा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा, थोडा अडखळला पाहिजे, भिरभिरत राहिला तर त्याचा क्लच गेला. सगळे पाइप, क्लिपा, बेल्ट, थर्मोस्टॅट नवीन, वॉटर पंपाची शंका असेल तर तोही. टायमिंग बेल्ट असेल आणि आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. काढलेले बेल्ट-पाइप फेकू नका, त्यातले बरे गाडीतच ठेवा.

आणि लो रेंजचा, म्हणजे हळू पण जोरात ओढणाऱ्या गिअरचा, लिव्हर. जुन्या एसयूव्हीत तो वर्षानुवर्षं कुणी हलवलेलाच नसतो. मातीवर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून बघा. पार्ट टाइम फोर बाय फोर (गरजेपुरता टाकायचा, पुढची-मागची चाकं एकत्र जखडणारा) असेल तर कोरड्या डांबरावर हा प्रयोग नको, वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, फरकाला वाव मिळत नाही आणि ट्रान्समिशनला पीळ बसतो.

हे झालं की स्टॉक, म्हणजे काहीही न बदललेली, गाडी घेऊन चार-पाच सोप्या वाटा करा. काय लावायचं ते गाडीच सांगेल. माझा अंदाज, तुमच्या यादीतला रूफ रॅक पहिला गळेल. आधीच उंच गाडी, त्यात टपावर वजन, आडव्या उतारावर पोटात गोळा येतो.

प्रश्न: दोन इंच लिफ्ट करून घेतली तरी मागचा डिफ दगडाला घासतोच. फिटरने फसवलं का?

नाही हो. सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असेल तर लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते, डिफ अ‍ॅक्सलवर असतो, तो जिथल्या तिथे. तो वर जायचा एकच रस्ता म्हणजे मोठं टायर, आणि तेही अर्धंच, २९ इंची टायर काढून ३१ इंची घातलं तर मिळाला १ इंच. बदल्यात गिअरिंग लांब होतं, लो रेंजमध्ये रांगायचा दम कमी होतो, स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने चाललेली असते. लिफ्टचा फायदा चाकाला जागा मिळते आणि बंपर-पोट कमी घासतं हा. फिटरला एवढं विचारा, सस्पेन्शन पूर्ण लटकल्यावर ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना.

त्याआधी फुकटातला उपाय करून बघा, हवा कमी करा. ३२ पीएसआयवरून १८-२० वर आणलं की टायर जमिनीवर लांब पसरतं, दगडाला बिलगतं आणि आत बसलेल्यांचं कंबरडंपण कमी हलतं. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून उतरू शकतं. परत रस्त्यावर यायच्या आधी हवा भरायची, कमी हवेत पळवलं तर टायर तापून फाटतं, म्हणजे पंप विंचच्या आधी घ्या.

प्रश्न: स्नॉर्कल (इंजिनची हवा टपाच्या उंचीवरून घेणारा पाइप) लावला म्हणजे बॉनेटपर्यंत पाणी चालेल ना?

एअर फिल्टरच्या डब्याला खाली निचऱ्याची भोकं असतात, जोड सैल असतात, ते सील केले नाहीत तर स्नॉर्कल नुसता दागिना. आणि लोक डिफचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची नळी, विसरतात. गरम डिफ थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असेल नाहीतर पाण्याखाली असेल तर ती सीलमधून पाणी ओढते, वर म्हटलं ते दुधाळ ऑइल असंच होतं. ब्रीदरला लांब पाइप जोडून बॉनेटच्या उंचीवर न्या, तासाभराचं काम. इंजिनने पाणी ओढून गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न: फोर बाय फोर टाकूनही दोन चाकं नुसती गरगर फिरतात, गाडी जागेवर. आणि टोचन मागच्या बॉलला लावलं तर चालेल?

ती दोन चाकं एक पुढचं एक मागचं, तिरक्या कोपऱ्यातली असणार. साध्या डिफमध्ये जे चाक हवेत तेच फिरतं. अ‍ॅक्सिलरेटर हलका धरून ब्रेक जरा दाबा, बऱ्याच वेळा गाडी निघते. तरी नाही जमलं तर मागे डिफ लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), लिफ्टपेक्षा माझं मत त्याच्या बाजूने.

बॉलला टोचन अजिबात नाही. तो ट्रेलर ओढायला असतो, रुतलेल्या गाडीला झटका दिला की तुटून तोफेच्या गोळ्यासारखा येतो, माणसं मेलीयेत त्याने. चासीला बोल्ट केलेला रेटेड (किती वजन पेलतो ते लिहिलेला) हुक आणि शॅकल (यू आकाराची कडी), दोरीवर मध्ये जाड घोंगडी टाकायची, बघ्यांना लांब उभं करायचं. ट्रेलर ओढत नसाल तर तो बॉल काढूनच टाका, येताजाता नडगीला लागतो तो वेगळाच.