वाचकांचे प्रश्न : आजोबांची एमजी टीसी

प्रश्न : लातूरजवळच्या आमच्या वाड्यात आजोबांची १९४८ सालची, उघड्या टपाची एमजी टीसी अनेक वर्षे उभी आहे. आधी रंगकाम करावे काय?

उत्तर : रंग सर्वांत शेवटी द्यावा. या ब्रिटिश गाडीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो, आणि जुन्या वाड्यात त्याला वाळवी लागण्याचे भय मोठे. म्हणून दारे लोंबत असल्यास प्रथम बिजागऱ्यांजवळचे लाकूड टोचून पाहावे. १२५० सीसी इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची असल्याने मेकॅनिकला नेहमीचा पाना जबरदस्तीने लावू देऊ नये. अशी गाडी मूळ रूपातच राहावी, असे मला मनापासून वाटते. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करताना चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.