म्हशीच्या मांसाची निर्यात खुली होताना पशुपालकांनी काय करावे?

प्रश्न (रावेर व चोपडा तालुक्यांतून): रोगामुळे थांबलेली परदेशातली खरेदी पुन्हा सुरू होतेय, असे व्यापारी सांगतात. भाकड म्हशी आणि रेड्यांना भाव मिळेल का? तयारी काय ठेवावी?

उत्तर: भाव चढेल या भरवशावर जनावरे विकत घेऊन ठेवू नका. आधी शीतगृहातला माल हलतो, मग कुठे सावदा, वरखेडीच्या गुरांच्या बाजारात मागणी जाणवते. शिवाय हा विषय फक्त म्हैसवर्गाचा. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच आणि बैल, वळू यांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे, आणि गोमांसाची निर्यात देशातूनच होत नाही.

परदेशी दारे बहुधा लाळ्या-खुरकुत या विषाणूजन्य रोगामुळे बंद होतात. कत्तलीनंतर मांस आंबट होताना त्यातला विषाणू मरतो, पण हाडाच्या मगजात आणि लसिका गाठींत तगून राहतो. म्हणून म्हशीचेही हाडे काढलेलेच मांस बाहेर जाते. तुमच्या हातात आहे ते लसीकरण: वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने दुसरी, पुढे दर सहा महिन्यांनी. लस २ ते ८ अंशांत हवी. बर्फात गोठली की वाया गेली, वरून कळतही नाही. लसीनंतर दोन-तीन दिवस दूध घटते, म्हणून टाळाटाळ करू नका. कानात बारा अंकी बिल्ला हवा आणि लसीची नोंद त्याच क्रमांकावर. नोंद नसेल तर टोचलेली लस कागदावर शून्य.

विकण्याआधीची औषधे हा सर्वांत दुर्लक्षित भाग. औषधाचा अंश मांसात राहतो, म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या इंजेक्शननंतर साधारण २८ दिवस थांबावे लागते. नेमके दिवस बाटलीवर असतात. तारीख गोठ्यातल्या वहीत लिहा.

वजन डोळ्यांनी ठरवू देऊ नका, त्यात व्यापाऱ्याचाच फायदा. काटा नसेल तर छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करा, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा, ६६० ने भागा. घेर ७० आणि लांबी ५६ इंच असेल तर सुमारे ४१५ किलो. मोजताना म्हैस सपाट जागी, चारी पायांवर सरळ उभी हवी.

विकण्याआधी अंग भरायचे असेल तर मक्याचा भरडा पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. एकदम दिला तर पोट आंबते, रवंथ बंद पडते.

गाडीत प्रत्येक म्हशीला दोन चौरस मीटर जागा, सोबत पशुवैद्यकाचा दाखला आणि खरेदी पावती. नवापूर किंवा बऱ्हाणपूरकडे राज्य ओलांडायचे असेल तर भरण्याआधीच कागद पुरे करा, नाक्यावर अडलेली गाडी उन्हात तापते.